फ्रेटलेस घेऊ की उभा बेस?

पूर्व विदर्भातल्या वडशाजवळच्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणारा चोवीस वर्षांचा. दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांच्या संगीत पार्टीत बेस गिटार वाजवतो, एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, मग लग्नसराईचा ऑर्केस्ट्रा, आणि उरलेल्या दिवसांत घरची धानाची शेती. बेसच्या गळ्यावर सूर ठरवून देणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ते फ्रेट; ते नसलेला बेस म्हणजे फ्रेटलेस. पत्र बरंच लांब आहे, त्यातला गाभा त्याच्याच शब्दांत देतो:

"दादा, मला अरे-तुरेच करा. माझ्याकडे चार तारांचा साधा बेस आहे. मोबाईलवर फ्रेटलेस ऐकला अन् झोप उडाली. गाणारा मींड घेतो तेव्हा आपणही त्याच्यामागे घसरत जावं असं वाटते. त्यातच तो उभा, काठीसारखा इलेक्ट्रिक बेस पाहिला, तोही मनात भरला. ₹४०,००० जमवले आहेत. काय घेऊ? मित्र म्हणतो, जुन्याचेच फ्रेट उपटून टाक, फुकटात काम होते. आमच्याकडे साउंडवाला नुसती एक वायर हातात देतो, ॲम्प नसतोच. जनरेटर सुरू झाला की स्पीकरमध्ये घूंऽऽ चालूच. अन् खरी भीती ही, की सूर हुकला तर भरल्या मंडपात इज्जत जाईल. आमचे पेटीवाले काका आत्ताच म्हणतात, 'काहून गा, असलेला बेस धड वाजत नाही अन् तुले बिनफ्रेटचा पायजे?' गावच्या भजनी मंडळात शिकत शिकत वाजवला तर चालेल का?"

भाऊ, काकांचा टोमणा सोडून दे, पण त्यांची पेटी सोडू नकोस. पुढे तिचं काम पडणार आहे.

आधी सरळ उत्तर देतो. उभा बेस आत्ता नको. फ्रेटलेस घे, गळ्यावर फ्रेटच्या जागी नुसत्या रेघा असलेला घे, आणि सगळे पैसे त्या बेसवरच ओतू नकोस. भरल्या मंडपात तुझा बेस तुला स्वतःला ऐकू येईल, याची सोय त्याच पैशांत व्हायला हवी. साध्या बेसवर स्वतःचं काही ऐकू आलं नाही तरी निभतं, कारण फ्रेट सूर सांभाळून घेतो. १९५१ साली लिओ फेंडरने बेस गिटार बाजारात आणली तेव्हा तिचं नाव 'प्रिसिजन' ठेवलं ते याचसाठी: उभ्या डबल बेसवर जो सूर हातानं शोधावा लागायचा तो इथे आपोआप नेमका मिळत होता. फ्रेटलेस घेतलास म्हणजे ही सोय आपणहून परत केलीस. मग कानावर भिस्त आली, आणि ज्या कानाला आपला बेसच पोचत नाही त्याच्यावर कसली भिस्त ठेवणार? बहुतेक जण महिनोन्महिने लाकूड कोणतं, पिकअप कोणता, यावर डोकं फोडतात आणि शेवटी स्टेजवर आंधळ्यासारखे वाजवतात.

रेघांचा बेस घेतला तर लोक हसतील, अशी शंका तू पत्रात एका ओळीत काढली आहेस. हसू दे. अमेरिकेचा नावाजलेला बेसवादक जॅको पास्टोरियस, त्याने आपल्या फेंडर जॅझ बेसचे फ्रेट काढून खाचा भरल्या, त्या भरलेल्या रेघा त्याच्याही गळ्यावर दिसत होत्या आणि त्याला कुणी हसल्याचं ऐकिवात नाही. दोरी लावून रोवणी केली तरी प्रत्येक रोप हातानंच लावावं लागतं, तसंच हे. रेघ फक्त जागा दाखवते.

आता बोटाचं. साध्या बेसवर आपण बोट फ्रेटच्या जरा मागे ठेवतो. इथे ते रेघेच्या बरोबर वर यायला हवं, कारण तार जिथे बोटाखाली थांबते तिथूनच सूर सुरू होतो. जुन्या सवयीनं बोट मागे ठेवलंस तर प्रत्येक सूर उतरलेला येईल आणि तुला वाटेल की बेसच खराब आहे. बोट आडवं पाडू नकोस, टोकावर उभं ठेव. आडव्या बोटाची गादी रुंद असते आणि सूर गिळगिळीत होतो. बेस घेताना बाजूचे ठिपकेही नीट पाहून घे. काही फ्रेटलेसवर ते रेघेच्या जागेवरच असतात, काहींवर साध्या बेससारखे दोन रेघांच्या मध्ये. वाजवताना नजर पडते ती बाजूवर. ठिपक्यांचा हिशेब चुकला की अख्खं गाणं सुरावरून घसरतं.

इज्जतीची भीती थोडी कमी होईल असा एक हिशेब सांगतो. ३४ इंची तारेच्या बेसवर नटपासून, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, पहिल्या रेघेपर्यंत साधारण ४८ मिलिमीटर जागा असते. बाराव्या रेघेच्या पुढे अर्ध्या सुराला त्याच्या निम्मी, म्हणजे २४ मिलिमीटर. नटजवळ बोट दोन मिलिमीटर हुकलं तर अर्ध्या सुराचा पंचविसावा हिस्सा बिघडतो, तो मंडपात कुणाला कळत नाही. तेवढंच बोट वरच्या भागात हुकलं तर चूक दुप्पट. म्हणून पहिलं वर्ष पाचव्या रेघेच्या आतच संसार कर. नाटकातल्या गाण्यांना बेसचं जे काम लागतं, ते जवळजवळ सगळं तिथेच मिळतं.

रियाज कोणत्या पट्टीत करायचा? हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुझ्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी. पांढरी दोन, म्हणजे पेटीवरची डी, धरलीस तर मोकळी डी म्हणजे सा, मोकळी ए म्हणजे प, ई म्हणजे रे, जी म्हणजे शुद्ध म. चारही तारा घरच्या. बोटानं दाबलेला प्रत्येक सूर शेजारच्या मोकळ्या तारेशी लगेच ताडून बघता येतो. मोबाईलवर तानपुरा लाव, पांढरी दोन, आवाज कमी ठेव, आणि आधी फक्त सा आणि प. पण तुमचे गायक बसतात काळी एकला. तिथे सगळे शुद्ध स्वर घेतलेस तर एकही मोकळी तार कामाची नाही. सगळं दाबून, आणि आधाराला काही नाही. फ्रेटलेसवाल्यांची खरी परीक्षा होते ती इथे. त्याच काळी एकला भैरवी असली तर मात्र डी कोमल रे, ई कोमल ग आणि ए कोमल ध होऊन बसतात. एकटी जी तीव्र मध्यम म्हणून परकी राहते. म्हणून नाटकातली गाणी हाती आली की शेजारी पट्टी लिही, आणि तिच्याखाली मोकळ्या तारांपैकी कोणती कोणत्या स्वरावर बसते तेही लिहून ठेव.

इथेच काकांची पेटी लागते. गंधार नुसत्या कानानं, तानपुऱ्यावर लावलास तर तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली बसेल, अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा साधारण. तुझा गंधार तानपुऱ्याशी खरा, पण पेटी आणि कीबोर्डचे सूर समान अंतरावर बांधलेले असतात आणि ते हलणार नाहीत. पार्टीत पेटी असेल तोवर तिचं ऐकायचं. घरी तानपुऱ्यावर रियाज झाला की आठवड्यातून एक संध्याकाळ काकांकडे जाऊन बस. त्यांनी एक सूर धरावा, तू तो शोधावा. चहा तू ने.

आता सामान. तुमच्या साउंडवाल्याच्या त्या एका वायरच्या अलीकडे तुझी स्वतःची डीआय असायला हवी, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारी छोटी डबी. सक्रिय डीआय घे, ९ व्होल्टच्या बॅटरीवरही चालेल अशी, कारण गावच्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम (माइकच्या वायरीतूनच मिळणारी वीज) चालू असेलच याचा भरवसा नसतो. तिला 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण हवं. घूंऽऽ आली की आधी ते दाबून बघायचं, बऱ्याचदा तिथेच काम होतं. जमलं तर तिच्यात ३०–४० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टरही असू दे. तुझी सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते, त्याच्या खाली नुसता बोटांचा आणि फळ्यांचा धक्का असतो, तो बेस-बिनमध्ये, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरमध्ये, शिरून सगळं गढूळ करतो.

साउंडवाल्याला एवढंच सांग, "भाऊ, बेस वाढवू नका, मधला आवाज कापू नका." त्याला सवय डीजेची, तो तुझा खालचा आवाज उचलणार आणि मधलं उडवणार. फ्रेटलेसचं जे गुणगुणतं, नाकातून बोलल्यासारखं 'म्वांऽ' असतं, ते सगळं साधारण २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात राहतं. तेवढंच नाही, आपल्या कानाला खर्जाचा सूर ओळखू येतो तोही मुख्यतः त्या वरच्या स्वरांशांवरून. नुसता खालचा धमधमाट ऐकून आपण सुरात आहोत की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि ऐकण्यासाठी: वायरवाला छोटा हेडफोन ॲम्प, कमरेला अडकवायचा, आणि कानात घट्ट बसणारा इअरफोन. डीआयच्या 'थ्रू'मधून, म्हणजे बेसचा सिग्नल जसाच्या तसा बाहेर देणाऱ्या जोडणीतून, एक वायर त्यात. इअरफोन एकाच कानात घाल, दुसरा कान पेटी आणि गायकासाठी मोकळा ठेव. रात्रभराचं नाटक असतं, त्यामुळे आवाज जेमतेम ठेव, पहाटेपर्यंत कान टिकला पाहिजे. पर्याय म्हणून लोक छोटा कॉम्बो ॲम्प, म्हणजे ॲम्प-स्पीकर एकाच खोक्यात असलेला, सुचवतील. घरी रियाजाला तो छान, पण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड सुरू झाला की २०–३० वॉटचा ॲम्प शोभेचा राहतो, आणि मोठा घ्यायचा तर तो नेणार कशात? बोलेरोत आधीच माणसांवर माणसं.

जनरेटरबद्दल दोन गोष्टी, एक जिवाची आणि एक सुराची. जिवाची अशी की घुंई घालवायला कुणी तीन पिनांतली अर्थची पिन काढून टाकायला सांगितली तर ऐकू नकोस. हात तारांवर, ओठ माइकला, आणि मधे करंट उतरला तर काय होईल ते सांगायला नको. वाजवायच्या आधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि तुझ्या ब्रिजला, म्हणजे बेसच्या अंगावर तारा टेकतात त्या धातूच्या भागाला, लावून बघ. दिवा लागला तर साउंडवाल्याला अर्थिंग नीट करायला लाव, ते होईपर्यंत वाजवू नकोस. सुराची गोष्ट अशी, की आपली वीज ५० हर्ट्झची, जनरेटर नीट चालला तर तोही तेवढाच. घुंईत १०० हर्ट्झचा सूर ठसठशीत असतो, आणि तुझी मोकळी जी ९८ हर्ट्झची. इतकी जवळ, की कान नकळत तिकडे ओढला जातो आणि तार अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शानं चढते. म्हणून मंडपात कानानं तार जुळवायची नाही. पायाखालचा ट्यूनर पेडल ठेव, प्रवेश बदलताना आवाज बंद करून दर वेळी बघून घे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री संध्याकाळी जुळवलेल्या तारा मध्यरात्रीपर्यंत त्याच राहत नाहीत.

हिशेब असा मांडतो. निम्म्याहून थोडे जास्त पैसे बेसला, चौथा हिस्सा डीआयला, उरलेल्यात इअरफोन, ट्यूनर आणि तारा. एवढ्या पैशांत वापरलेला बेस मिळाला तर उत्तम, नागपूरला जाऊन हातात घेऊन बघ. मोबाईलवरच्या फोटोवर विश्वास ठेवून पैसे पाठवू नकोस. दुकानात दोनच गोष्टी नीट तपास. एक, नटजवळ तार लाकडापासून किती वर आहे: व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. साध्या बेसएवढी उंची असेल तर पहिल्या रेघांवर तार दाबताना ताणून सूर चढतो. दोन, चारही तारांवर प्रत्येक रेघेवर सूर धरून बघ. सगळीकडे सारखा गुणगुणला पाहिजे. एखाद्याच जागी खरखर किंवा मुका आवाज आला तर तिथे लाकूड उंचसखल आहे.

तारा गुळगुळीत फ्लॅटवाउंड घाल, नाहीतर काळ्या नायलॉनच्या आवरणाच्या टेपवाउंड. नेहमीच्या राउंडवाउंड तारा खरखरीत असतात, मींड घेताना लाकडावर कानशीसारख्या चालतात. जॅकोला राउंडवाउंड चालल्या, कारण त्यानं गळ्यावर बोटीला लावतात तसलं इपॉक्सी चढवलं होतं. टेपवाउंडचा तुला आणखी एक फायदा: दवात वाजवून त्यांचं वरचं नायलॉन गंजत नाही. नाटक संपल्यावर तरी बेस कोरड्या कापडानं पुसूनच पिशवीत घालावा. मे महिन्यात मात्र उलटं. आपल्याकडचा तो ४५ अंशांचा कोरडा उन्हाळा गळ्याला वाकवतो. बंद गाडीत बेस ठेवायचा नाही. गळा वाकलेला दिसला तर ट्रस रॉड (गळ्याच्या आतली, तो सरळ ठेवणारी सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग एक रात्र थांबून पुन्हा बघायचं.

मित्राचा सल्ला, फ्रेट उपटण्याचा. दिवाळीनंतर ज्या बेसवर तुझं पोट चालणार त्याला हात लावू नकोस. काम दिसतं तितकं फुकटाचंही नाही. फ्रेट सोल्डरिंगच्या कईयानं तापवून हळूच काढावे लागतात, नाहीतर लाकडाच्या कपच्या निघतात. खाचा लाकडाच्या पातळ पट्टीनं किंवा प्लॅस्टिकनं भराव्या लागतात, तशाच सोडल्या तर तारांच्या ओढीनं गळा पुढे वाकतो. मग गोलाई राखून पॉलिश पेपर, नटच्या खाचा खोल करणं, ब्रिज खाली घेणं. हौस असेल तर भंगारातला एखादा जुना बेस आणून त्याच्यावर कर. तुझा बेस फेंडरसारखा मागून चार स्क्रूंनी गळा बसवलेला असेल तर वेगळा फ्रेटलेस गळा आणून बदलता येतो, मोजमाप जुळत असेल तर. तो उद्योग पावसाळ्यातला, सीझनमधला नाही.

उभ्या बेसला नाही म्हणालो त्याची कारणं आता ऐक. तो वाईट नाही. १९६० च्या दशकात ॲम्पेग कंपनीचा बेबी बेस आला आणि साल्सावाल्यांनी तो इतका उचलला की त्यांच्या संगीताचा तो आवाजच होऊन बसला. यामाहाचा सायलेंट बेस, एनएस डिझाइनचे बेस आज मोठमोठे वादक वाजवतात. पण त्याची तार ४१–४२ इंचांची. तुझ्या बेसवर चार बोटं चार रेघांवर पडतात, तिथे नटजवळ पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढीच धरायची आणि त्यांच्यात मिळून एकच पूर्ण सूर मावतो. म्हणजे हाताची जुनी विद्या बाजूला ठेवून नवी शिकायची. शिवाय त्यात बहुधा पायझो पिकअप, म्हणजे ब्रिजचा कंप पकडणारा, असतो, त्याला पुढच्या यंत्राचा इनपुट निदान १ मेगाओहमचा लागतो. गावच्या मिक्सरला सरळ जोडलास तर डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येईल, म्हणजे खास प्रीॲम्पचा खर्च आलाच. स्वस्तातल्या काहींचा ब्रिज इतका सपाट असतो की गजानं एकेक तार वेगळी वाजत नाही. गजासाठी घ्यायचा आणि गजच चालत नाही, असं होतं.

आणि हे सगळं जमलं तरी तू पत्रात लिहिलं आहेस की तुमची पार्टी स्टेजसमोर खाली सतरंजीवर बसते. तू तिथे स्टँड लावून उभा राहिलास तर मागच्या माणसाला खलनायकाऐवजी तूच दिसणार. पहिल्याच अंकाला आवाज येईल, "ए भाऊ, खाली बस ना गा!" लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जागा असते, तिथे उभा बेस शोभतोही. फ्रेटलेसवर कान बसला की त्याचा विचार कर, कारण सूर शोधायची अर्धी मेहनत तेव्हा झालेली असेल.

सीझनला दोन्ही बेस ने. नाचगाण्याला आणि वगाला जुना, फ्रेटचाच. फ्रेटलेस काढायचा तो करुण प्रवेशात, संथ गाण्यात, जिथे गायक मींड घेतो. आणि तिथेही प्रत्येक मींडेमागे घसरत जाऊ नकोस. गायक घसरतो तेव्हा खाली काहीतरी स्थिर असलं तरच त्याची मींड उठून दिसते. दोन ओळींनंतर एकदा, सुरापर्यंत पोचायला खालून एक छोटी घसर, बस्स. तीही ठरल्या सुरावर येऊन थांबली पाहिजे, कुठेतरी मधेच नाही.

राहिलं भजनी मंडळ. चालेल काय, तिथूनच सुरुवात कर. मात्र आधी मंडळातल्या बुवांना विचार. खंजिरी भजनात बेस नसतोच, त्यामुळे तुझं काही चुकलं तर गाणं कोसळत नाही, आणि खंजिरी-टाळांचा आवाज इतका वरचा की खर्जाला जागा मोकळी मिळते. जनरेटर नाही, मिक्सर नाही, घरचा छोटा ॲम्प असला तर तो पाटावर ठेवून कानाच्या उंचीला आण. पेटीवाल्याच्या शेजारी बस, समोर नाही. पहिले काही गुरुवार फक्त सा आणि प वाजव. चाल बदलली, लय चढली, सगळे रंगात आले तरी सा आणि प. बुवांनी मान वळवून बघितलं तर समज की ऐकू येतोयस. मग पुढच्या वेळी मध्यम घे.